इंग्रजीत "टफ फाइट दिली" लिहिलं आणि पान लाल होऊन परत आलं, चुकलं कुठे?

ऐरोलीकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा. मी महापेला एका कंपनीत डिस्पॅचला आहे, लिहिण्याबिहिण्याचं काम माझं नाही, पण गेल्या महिन्यात आमच्याकडे डिपार्टमेंटवाईज बॉक्स क्रिकेट झालं, घणसोलीच्या टर्फवर, आणि त्याचा रिपोर्ट कंपनीच्या न्यूजलेटरमध्ये टाकायचं ठरलं. कोणीतरी म्हणालं हिला शाळेत निबंधात बक्षिसं मिळायची, झालं, पडलं गळ्यात. निबंध मराठीत होते हे कोणी विचारलंच नाही.

रात्री पोरं झोपल्यावर बसून एक पान लिहिलं, मला तर वाचताना मस्त वाटत होतं, सकाळी मॅडमना मेल केलं आणि जेवायच्या सुट्टीत प्रिंटआउट हातात आलं ते कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं लाल. वर एवढंच लिहिलेलं की फ्रेझेस तपासा. काय चुकलंय ते नाही. विचारायला जावं तर त्या मीटिंगमध्ये, आणि खरं सांगू, विचारायची लाजही वाटली.

तर खूण केलेली वाक्यं अशी. "द फायनल वॉज नेक टू नेक", यात नेक टू नेकला गोल. "वेअरहाउस टीम गेव्ह अस टफ फाइट बट वी वन देम बाय १२ रन्स", यात वन देमच्या खाली दोन रेघा, आणि टफ फाइटच्या वर लिहिलंय रन फॉर अवर मनी? आता यात पैसे कुठून आले, ट्रॉफी होती फक्त. "लास्ट इयर्स चॅम्पियन्स लॉस्ट फ्रॉम एचआर", फ्रॉम कापलंय. "आवर कॅप्टन्स टीम वन सिंगल-हँडेडली", पुढे हसरा चेहरा काढलाय, तो जास्त लागला मनाला. "इट वॉज अ कटथ्रोट कॉम्पिटिशन बट एव्हरीवन एन्जॉइड", पुढे नुसतं प्रश्नचिन्ह. आणि सगळ्यात भारी म्हणजे "आवर अकाउंट्स टीम इज नो मॅच फॉर एनीवन", त्याच्या बाजूला मोठ्या अक्षरात, हे छापायचंय नक्की? ते चिडतील. अहो पण मी तर त्यांचं कौतुक केलंय ना! फिल्डिंगला त्यांना तोड नाही असं म्हणायचं होतं.

मोबाइलमधल्या त्या इंग्रजी सुधारणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकून बघितलं तर त्याने अख्खं पान असं काही गुळगुळीत करून दिलं की हे मी लिहिलंय यावर आमचा वॉचमनसुद्धा विश्वास ठेवणार नाही. मला माझंच पान हवंय, फक्त चुका नकोत. शुक्रवारी द्यायचंय.

खारघर_सेक्टर_बारा

ताई सगळ्यात सोपं आधी घेऊ. वन आणि बीट. याचा नियम तुम्हाला मराठीत येतोच, फक्त इंग्रजी लिहिताना विसरतो आपण. मराठीत "आम्ही मॅच जिंकली" म्हणतो, "आम्ही त्यांना हरवलं" म्हणतो, "आम्ही त्यांना जिंकलं" असं कोणी म्हणत नाही. बस्स तेच. विनच्या पुढे मॅच, ट्रॉफी, टॉस, बक्षीस. बीटच्या पुढे माणूस किंवा टीम. वी बीट देम बाय १२ रन्स. आणि बीटचं भूतकाळातही बीटच राहतं, बीटेड करू नका, ते आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, अजून त्याला बीटेड म्हणूनच हाक मारतात.

लॉस्ट फ्रॉमला मात्र मराठीनेच घोळ केलाय. आपण "एचआरकडून हरलो" म्हणतो म्हणून हात आपोआप फ्रॉम टाइप करतो. इंग्रजीत लॉस्ट टू एचआर.

महिला वर्ल्ड कपचं उदाहरण घ्या म्हणजे डोक्यात बसेल, आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटीलवरची २ नोव्हेंबर २०२५ ची फायनल, मी होतो स्टेडियममध्ये, पावसामुळे मॅच उशिरा सुरू झाली तरी कोणी हललं नव्हतं. इंडिया बीट साउथ आफ्रिका बाय ५२ रन्स. साउथ आफ्रिका लॉस्ट टू इंडिया बाय ५२ रन्स. इंडिया वन द वर्ल्ड कप. तीन वाक्यं, मॅच एकच. आणि त्याच्या तीन दिवस आधी त्याच ग्राउंडवर सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने दिलेलं ३३९ चं टार्गेट चेस केलं, जेमिमा १२७ नाबाद, ते आपण मराठीत "पाच विकेट राखून" जिंकलो म्हणतो, इंग्रजीत राखून वगैरे काही येत नाही, नुसतं बाय फाइव्ह विकेट्स. मी एकदा कीपिंग फाइव्ह विकेट्स लिहिलं होतं, वाचणाऱ्याला वाटलं विकेटकीपरबद्दल चाललंय.

टर्फवर_टेनिसबॉल

अकाउंट्सबद्दल ते छापून आलं असतं ना ताई तर तुमचं ट्रॅव्हल बिल पुढच्या दिवाळीला पास झालं असतं. मॅडमना पेढे द्या.

नौपाड्याचे_मास्तर

ताई, मी ठाण्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे, संध्याकाळी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारून झाल्या की हाच उद्योग. तुमच्या मॅडमनी लाल केलं ते बरोबर केलं, पण कारण लिहायला हवं होतं, नुसता गोल काढून मूल शिकत नाही आणि मोठं माणूस तर मुळीच नाही.

नो मॅच फॉर आधी घेतो कारण त्यात अर्थच उलटा होतो. "अ इज नो मॅच फॉर ब" म्हणजे अ हा ब च्या पासंगालाही पुरत नाही. वाक्यात जो आधी आला तो कमजोर. म्हणजे तुम्ही लिहिलंत की आमचे अकाउंट्सवाले कोणाच्याच पासंगाला पुरत नाहीत. आता गंमत बघा, तुमच्या डोक्यात "अकाउंट्सला तोड नाही" होतं, ते सरळ शब्दाला शब्द ठेवून "देअर इज नो मॅच फॉर अकाउंट्स" केलं असतंत तरी निभावलं असतं, पण इंग्रजी वाक्य माणसापासून सुरू करायचं या सवयीने तुम्ही अकाउंट्सना उचलून पुढे नेऊन ठेवलंत आणि ते मेले. उलट फिरवा: नो वन वॉज अ मॅच फॉर अकाउंट्स इन द फील्ड. झालं कौतुक.

आता घोडे. इंग्रजीतल्या चढाओढीच्या शब्दांपैकी कितीतरी रेसकोर्सवरून आलेत. आपले कुस्तीच्या हौद्यातून आले तसे, शड्डू ठोकला, चितपट केलं, धोबीपछाड दिली, आस्मान दाखवलं. त्यामुळे इंग्रजी शब्दप्रयोग वापरताना डोळ्यासमोर महालक्ष्मीचा ट्रॅक आणा, निम्म्या शंका तिथेच मिटतात. नेक अँड नेक म्हणजे दोन घोडे बरोबरीने धावताहेत, याची मान आणि त्याची मान एका रेषेत. ही मान "आणि" ती मान, म्हणून अँड. टू नाही. आणि हे धावता धावताचं चित्र आहे, निकालाचं नाही. रेस संपली की कोणीतरी पुढे गेलेलाच असतो. म्हणून "शेवटच्या ओव्हरपर्यंत दोन्ही टीम्स नेक अँड नेक होत्या" हे पक्कं, पण १२ रन्सनी संपलेल्या फायनलला नंतर बसून नेक अँड नेक म्हटलं की वाचणारा अडखळतो. शेवटपर्यंत काही सांगता येत नव्हतं असं म्हणायचं असेल तर इट वेंट डाउन टु द वायर. ही वायर पण ट्रॅकचीच, अमेरिकेत फिनिश लाइनच्या वर तार ताणलेली असायची.

रन फॉर अवर मनीतले पैसे म्हणजे घोड्यावर लावलेले. घोडा जिंकला नाही तरी जीव तोडून धावला, लावलेल्या पैशाचं काहीतरी चीज झालं, असा मूळ भाव. आज त्याचा अर्थ आपल्या "घाम फोडला"च्या जवळ जातो. "वेअरहाउस गेव्ह अस अ रन फॉर अवर मनी", त्यांनी आम्हाला घाम फोडला. यात दोन जागी घसरायला होतं. एक म्हणजे अवर, देअर, हिज हे ज्याला घाम फुटला त्याच्याप्रमाणे बदलतं, गेव्ह देम म्हटलं की देअर मनी. मुलं गेव्ह अस रन फॉर मनी असं अर्धवट लिहायची, मग ते पैसे घेऊन पळाल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे यातून कोण जिंकलं ते कळत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. साधारणपणे ज्याच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती त्याने तगड्याला झुंजवलं की हे शोभतं. वर खारघरच्या भाऊंनी फायनलचा विषय काढलाच आहे, त्यात त्यांच्या कॅप्टन वोल्वार्टने १०१ काढले आणि अमनज्योतने तो झेल उडवत उडवत शेवटी पकडला तेव्हा कुठे आपला श्वास खाली बसला, तिने आपल्याला दिला तो रन फॉर अवर मनी. टफ फाइट हे काही फार चूक नाही हां, फक्त "अ" राहिला. गेव्ह अस अ टफ फाइट. मॅडमनी जरा सजवायला सांगितलंय एवढंच.

सिंगल-हँडेडली. इथे आपले पेपर जबाबदार आहेत. "पालिकेत एकहाती सत्ता" असं वाचून वाचून आपल्याला एकहाती म्हणजे दणदणीत असं वाटायला लागलंय. इंग्रजीत सिंगल-हँडेडली म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय, एकट्याने. अख्खी टीम एकट्याने कशी जिंकेल, म्हणून तो हसरा चेहरा. तुम्हाला बहुतेक हँड्स डाउन हवं होतं, दे वन हँड्स डाउन. परत घोडा! जॉकी इतका पुढे असतो की लगाम सैल सोडून हात खाली टाकतो तरी जिंकतो. त्याच्या आधी बाय लावू नका. पण तुम्हीच म्हणता घाम फुटला होता, मग हँड्स डाउन कसं बसणार? दोन्हीतलं एक ठेवा.

कटथ्रोट उद्या लिहितो, हिने जेवायला बोलावलंय.

कोपरी_ते_कुर्ला

मास्तर आदर आहे पण एक विचारतो. नेक टू नेक अख्ख्या भारतात बोलतात, पेपरात येतं, टीव्हीवर निवडणुकीच्या दिवशी दिवसभर तेच चालू असतं. मग ते भारतीय इंग्रजी झालं ना? प्रीपोन आपणच चालवला, ऑक्सफर्डने डिक्शनरीत घेतला की नाही? मग गोऱ्यांच्या घोड्यांच्या माना आपण का मोजत बसायच्या. सात पंचावन्नच्या लोकलमध्ये आम्ही रोज नेक टू नेकच उभे असतो, अँडला जागाच नसते.

नौपाड्याचे_मास्तर

कोपरीकर, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला असता तर मी खडू खाली ठेवला असता. चांगला आहे. प्रीपोनचं मान्य, तो आपला, आणि उपयोगी, कारण ती जागा रिकामी होती. नेक टू नेकची जागा रिकामी नव्हती, तिथे अँडवाला बसलेलाच होता. तरी बोलताना मी कोणाला टोकत नाही. प्रश्न एवढाच की वाचणार कोण. ठाण्यातल्या ठाण्यात चालेल. ताईंचं पान कोण वाचणार ते त्यांनी सांगावं.

आणि कटथ्रोट. मराठीत "जीवघेणी स्पर्धा" आपण इतकी स्वस्त केली आहे की रांगोळीच्या स्पर्धेलाही लावतो. इंग्रजीत तो गळा अजून कापला जातो. एकमेकांचा धंदा बुडवायला भाव पाडणारे दुकानदार, कमिशनवर जगणारे एजंट, तिथे कटथ्रोट. त्यात नेहमी तक्रार असते, मजा नसते, म्हणून "कटथ्रोट होतं पण सगळ्यांनी एन्जॉय केलं" यावर प्रश्नचिन्ह आलं. तुम्हाला पाहिजे तो शब्द म्हणजे आपली चुरस. त्याला फिअर्स कॉम्पिटिशन चालेल, स्टिफ चालेल. जाता जाता सांगतो, इंग्लंडात न्हाव्याच्या उघड्या वस्तऱ्याला कटथ्रोट रेझर म्हणतात, लहानपणी आमच्या न्हाव्याचा वस्तरा मानेवर आला की मी जसा बसायचो तसं वाटायला लावणारी ती कॉम्पिटिशन.

ऐरोलीकरीण

बापरे, एवढं कोणी शिकवलं असतं शाळेत तर! मास्तर, खरंच थँक्यू, खारघरवाल्या दादांना पण. न्यूजलेटर पुण्याला आणि सिंगापूरच्या ऑफिसला जातं, त्यामुळे अँडच ठेवते, कोपरीकर राग नको.

आता आलातच तर अजून एक विचारून घेते. पुढच्या आठवड्यात अप्रेजल आहे, सेल्फ असेसमेंटचा फॉर्म इंग्रजीत भरायचाय, त्यात मी लिहिलंय "आय अ‍ॅम अ व्हेरी कॉम्पिटिटिव्ह पर्सन अँड ऑलवेज अहेड इन द रॅट रेस, आय बिलीव्ह इन सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट." नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, अप्रेजल आहे की धमकी? तो स्वतः फॉर्ममध्ये हार्ड वर्किंग एवढंच लिहितो गेली नऊ वर्षं, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही कळत नाही.

वागळे_इस्टेट_एचआर

नवरा बरोबर आहे ताई 😄 मी असे फॉर्म वर्षाला दीड-दोनशे वाचते, त्यामुळे यावर थोडं बोलते.

कॉम्पिटिटिव्ह हा शब्द कोणाला लावताय त्याप्रमाणे रंग बदलतो. किमतीला लावला, कॉम्पिटिटिव्ह प्राइस, म्हणजे बाजारात टिकेल अशी, बऱ्यापैकी स्वस्त. पगाराला लावला, कॉम्पिटिटिव्ह सॅलरी, म्हणजे बाकीच्या कंपन्या देतात त्याच्या आसपास, खूप जास्त असा अर्थ नाही, जाहिरातीत हे वाचून हुरळून येणारी पोरं मी रोज बघते आणि ऑफर लेटर हातात घेतल्यावर त्यांचा चेहराही. परीक्षेला लावला तर स्पर्धा परीक्षा, एमपीएससीवाली. आणि माणसाला लावला म्हणजे याला हरणं सोसत नाही. सेल्सवाल्याच्या फॉर्ममध्ये ते चालतं, कधी कधी हवंच असतं. पण डिस्पॅचला? तुमचं काम वेअरहाउस, ट्रान्सपोर्टर, बिलिंग सगळ्यांना सांभाळून घ्यायचं, तिथे "मी फार कॉम्पिटिटिव्ह" वाचलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न, ही बाकीच्यांना ओव्हरटेक करायला बघते की काय.

बऱ्याच जणांना खरं म्हणायचं असतं कॉम्पिटंट, म्हणजे कामात सक्षम. दोन्ही शब्द ऐकायला भाऊ-भाऊ, पण एक म्हणजे मला काम येतं आणि दुसरा म्हणजे मला पुढे जायचंय. तेही खरं तर फॉर्ममध्ये लिहू नका, मी कॉम्पिटंट आहे असं स्वतःच म्हणणं म्हणजे पास होण्यापुरते मार्क मागितल्यासारखं. केलेलं काम लिहा, किती गाड्या वेळेत काढल्या, परत आलेला माल किती कमी केला, आकडा द्या. ढकलून हवाच असेल एखादा शब्द तर ड्रिव्हन लिहा, त्यात दुसऱ्याला पाडायचा वास येत नाही.

रॅट रेस तर काढाच. ती फक्त शिव्या घालायला वापरतात. "रॅट रेसला कंटाळून गावी जाऊन आंब्याची बाग लावली" इथे शोभते. रॅट रेसमध्ये मी पुढे आहे म्हणजे उंदरांमध्ये मी पहिली, आणि ऑफिस म्हणजे उंदरांचं बीळ, हे तुम्ही मॅनेजरला लिहून देताय.

जाता जाता, "आय कॅन कॉम्पिट एनीवन" पण फार येतं. मध्ये विथ किंवा अगेन्स्ट लागतं. कॉम्पिट विथ समवन, कशासाठी ते फॉर, कशात ते इन. आणि हेड स्टार्टच्या जागी हेड्स-अप लिहितात, "माझ्या डिप्लोमाने मला हेड्स-अप मिळाला". हेड्स-अप म्हणजे आधी दिलेली सूचना, उद्या पाणी येणार नाही टाइप. आधीच चार पावलं पुढे असणं ते हेड स्टार्ट.

घोडबंदर_ट्रॅफिकमध्ये

गायमुखला अडकलोय, वीस मिनिटं झाली, म्हणून लिहितो. माझा किस्सा अप्पर हँडचा. एका व्हेंडरशी वाटाघाटी चालू होत्या, साहेब म्हणाले वी हॅव द अप्पर हँड, मी शेजारच्या ज्युनिअरला विचारलं काय म्हणाले रे, तो म्हणे साहेबांनी हात वर केले. आम्ही दोघं पडलेल्या तोंडाने बसलो, आता डील गेलं म्हणून. वरचष्मा आमचाच होता!

अजून एक, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका काकांनी टोमणा मारला, सम पीपल आर कीपिंग अप विथ द जोनसेस, तर बी विंगमध्ये चौकशी सुरू झाली की नवीन भाडेकरू ख्रिश्चन आहेत का. जोन्स कोणी नाही हो. अमेरिकेत १९१३ मध्ये पेपरात सुरू झालेल्या एका कॉमिक स्ट्रिपमधले शेजारी, जे त्यात कधी दिसतच नाहीत. शेजाऱ्याने मोठी गाडी घेतली म्हणून आपण पण काढायची, पार्किंग एकच असलं तरी, त्याला म्हणतात ते. हे पैसा आणि दिखावा याच्यापुरतंच वापरतात, क्रिकेटच्या रिपोर्टमध्ये नाही बसणार. सरकलं ट्रॅफिक, येतो.

नौपाड्याचे_मास्तर

सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट राहिलं. ताई, लोकांना वाटतं हे डार्विनचं वाक्य. आधी लिहिलं ते हर्बर्ट स्पेन्सरने, १८६४ मध्ये, डार्विनने ते त्याच्याकडून घेऊन १८६९ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीत घातलं. आणि फिटेस्ट म्हणजे जिमवाला फिट नाही, बलवान तर नाहीच. परिस्थितीला जो जास्त चपखल बसला तो. शर्ट फिट बसतो त्यातला फिट. म्हणून खाडीतल्या चिखलात वाघ टिकत नाही, निवटी टिकते. आपल्या ऐरोलीच्या खाडीकाठी ओहोटीला उभ्या राहिलात तर चिखलावर उड्या मारताना दिसेल, ती फिटेस्ट. तुमच्या फॉर्ममध्ये मात्र तिला नका आणू, मॅनेजरला अर्थ लागेल तो "दुबळ्यांनी घरी जा" असाच.

आणि एक शब्द मला फार आवडतो म्हणून सांगतो, कोणी विचारलेला नाही. रायव्हल. लॅटिनमध्ये रिव्हस म्हणजे ओढा, आणि रिव्हालिस म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोघं. बांधावरून आणि पाटाच्या पाण्यावरून कोर्टात गेलेले चुलत भाऊ ज्याने गावाकडे पाहिलेत त्याला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणून रायव्हल हा तोलाचा लागतो आणि त्याच्याशी नेहमीचं, जुनं काहीतरी लागतं. एका मॅचपुरता समोर आलेला तो ऑपोनंट. तुमचं आणि वेअरहाउसचं रोजचंच असणार, त्यांना खुशाल रायव्हल्स म्हणा.

कोपरी_ते_कुर्ला

ओके मास्तर, रायव्हलवर मी आऊट. अँड लिहीन. बोलताना टूच.

टर्फवर_टेनिसबॉल

कोणीतरी हरल्यावर बॉल वाइड होता म्हणून भांडला असेलच ना, रडीचा डाव. त्याला इंग्रजीत काय?

खारघर_सेक्टर_बारा

सोअर लूझर. एस ओ आर ई, दुखरा वाला. सावर ग्रेप्समधलं आंबट ते वेगळं, ते आपल्या कोल्ह्याचं, न मिळालेल्याला नावं ठेवणं. आणि लूझर एका ओनेच, दोन ओ घातले की सैल होतो.

ऐरोलीकरीण

मंडळी, पान गेलं! असं केलं शेवटी: "द टू रायव्हल्स, डिस्पॅच अँड वेअरहाउस, वेअर नेक अँड नेक टिल द लास्ट ओव्हर. वेअरहाउस गेव्ह अस अ रन फॉर अवर मनी, बट वी बीट देम बाय १२ रन्स. लास्ट इयर्स चॅम्पियन्स लॉस्ट टू एचआर. द कॉम्पिटिशन वॉज फिअर्स अँड द वडापाव वॉज हॉट." वडापावचं माझं. मॅडमनी यावेळी एकही रेघ मारली नाही, फक्त वडापावच्या बाजूला तसाच हसरा चेहरा, तो मात्र आवडला. फॉर्ममधून उंदीर काढले, गाड्यांचे आकडे घातले.

एकच घोळ झाला. अकाउंट्ससाठी मास्तरांचं वाक्य न घेता मी जरा शहाणपणा केला आणि "इन फिल्डिंग, अकाउंट्स वॉज सेकंड टू नन" लिहिलं, कुठेतरी वाचलं होतं, अर्थ पण तपासला, कोणाहूनही कमी नाही. आज सकाळी त्यांचे सीनिअर माझ्या डेस्कला आले, फिल्डिंगमध्ये आम्हाला दुसरा नंबर कोणी दिला आणि मग पहिला कोणाचा, वेअरहाउसचा? पंधरा मिनिटं समजावलं. म्हटलं नवी मुंबई स्वच्छतेत सेकंड टू नन असं आपण म्हणतोच की. तर म्हणाले, २०२३ ला इंदूर आणि सुरत दोघं पहिले आले, आपण तिसरे, मग हे सेकंड कुठून आलं?

टर्फवर_टेनिसबॉल

गेलं ट्रॅव्हल बिल.